विजयंता आणि नगरची रणगाडा शाळा

दौंड-मनमाड लोहमार्ग पुणतांब्यावरून, म्हणजे आपल्या राहाता तालुक्यातून जातो. नगरहून उत्तरेकडे निघालेली कोणतीही गाडी याच रुळांवरून मनमाडला पोचते, मग ती प्रवाशांची असो की लष्कराची. रणगाडा लांबचा प्रवास स्वतःच्या पट्ट्यांवर करत नाही. तसा केला तर पट्टे झिजतात, रस्ता उखडतो आणि इंजिनाचे आयुष्य वाटेतच सरते. म्हणून त्याला सपाट वाघिणीवर चढवतात, साखळदंडांनी आवळतात आणि वर ताडपत्री ओढतात. ताडपत्रीखालच्या त्या लोखंडाची सगळी विद्या जिथे शिकवली जाते, ती जागा राहात्यापासून पाऊणशे किलोमीटरवर आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल हे तिचे नाव. माजी सैनिकांसाठी निघणाऱ्या स्मरणिकेत या संस्थेचा इतिहास हवाच. तो सांगताना इथे विजयंता हा रणगाडा मधोमध ठेवला आहे. परदेशी परवान्यावर देशात तयार झालेला तो पहिला मुख्य रणगाडा. संस्थेची खरी परीक्षा त्याच्या काळात झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नगरचा लष्कराशी संबंध जुना. किल्ला, भिंगारची छावणी, बाहेर पसरलेले कोरडे माळरान आणि कमी पाऊस. चिलखती गाड्या चालवायला आणि तोफा डागायला अशी जमीन सोयीची पडते. १९२० च्या दशकात ब्रिटिशांच्या रॉयल टँक कोअरने इथे आपली शाळा काढली. भारतीय घोडदळाच्या हाती तेव्हा घोडेच होते. १९३८ मध्ये सिंद हॉर्ससारख्या रेजिमेंटांनी घोडे सोडून गाड्या घेतल्या, आणि त्या बदलाची आठवण म्हणून १ मे हा आर्मर्ड कोअरचा दिवस मानला जातो. महाराष्ट्र दिन आणि रणगाडादळाचा दिवस एकच, ही गोष्ट आपल्याकडच्या जवानांना विशेष वाटते. घोडे गेले, पण दर्जांची नावे राहिली. आजही या दलातला साधा शिपाई सवार असतो, त्याच्यावर दफेदार आणि वर रिसालदार.

फाळणीत रेजिमेंटांची वाटणी झाली. बारा भारताकडे आल्या, सहा पाकिस्तानकडे गेल्या. १९४८ मध्ये वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली प्रशिक्षण केंद्रे, डेपो आणि अभिलेख कार्यालय नगरला आणून इथल्या शाळेत विलीन करण्यात आले. आजची संस्था आकाराला आली ती तेव्हा. रंगरूट इथे भरती होऊ लागला, त्याची सेवापुस्तिका इथेच राहू लागली, त्याचा धडाही इथेच. निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदासाठी राहाता, कोपरगाव, संगमनेरच्या माणसाला दूर कुठे जावे लागले नाही, हा या विलीनीकरणाचा आपल्या भागाला झालेला साधा पण मोठा फायदा.

शाळा उभी राहिली, पण शिकवायचे कशावर? शर्मन, पुढे सेंच्युरियन, फ्रेंच एएमएक्स-१३. सगळे बाहेरून आणलेले. सुटा भाग हवा तर परदेशात मागणी नोंदवायची आणि वाट पाहायची. १९५० च्या दशकात रणगाडा देशातच बनवायचा असा विचार पक्का होत गेला. ब्रिटनचा आणि पश्चिम जर्मनीचा असे दोन प्रस्ताव तपासले गेले. ऑगस्ट १९६१ मध्ये ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीशी करार झाला. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते. चीनच्या युद्धादरम्यान, नोव्हेंबर १९६२ मध्ये ते गेले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीत आले. त्याच महिन्यात संरक्षण उत्पादनाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. रणगाड्याचा करार मेनन यांच्या काळातला, तो कारखान्यात उतरला यशवंतरावांच्या काळात. मद्रासजवळ अवडी इथे हेवी व्हेइकल्स फॅक्टरी उभी राहिली. १९६५ मध्ये तिथून पहिला विजयंता बाहेर पडला.

हा रणगाडा व्हिकर्सने कसा जुळवला ते समजून घेण्यासारखे आहे. ब्रिटिश सैन्यासाठी चीफ्टन नावाचा जड रणगाडा तयार होत होता. त्याचे इंजिन आणि गिअरपेटी व्हिकर्सने घेतली. तोफ घेतली १०५ मिलिमीटरची एल-७, जिने त्या पिढीत जगभर नाव कमावले. चिलखत मात्र पातळ ठेवले, जास्तीत जास्त ८० मिलिमीटर पोलादाचे. त्यामुळे वजन ३९ टनांच्या आसपास राहिले. आपले पूल, आपल्या वाघिणी आणि पंजाबातले कालवे यांचा विचार करता हे वजन झेपणारे होते. जाड चिलखत हवे की हलकी चाल, या वादात भारताने त्या वेळी चाल आणि तोफ निवडली. हा निर्णय योग्यच होता असे वाटते, कारण चीफ्टनसारखा पन्नास टनांवरचा रणगाडा पेलायला तेव्हाचे आपले रस्ते-पूल तयार नव्हते.

परवान्याने काय मिळते? नकाशे, मापे, पोलादाची प्रत, यंत्रे लावण्याची पद्धत आणि काही वर्षे मदतीला परदेशी तंत्रज्ञ. पहिले नव्वद रणगाडे व्हिकर्सनेच इंग्लंडमध्ये बनवून पाठवले. अवडीत सुरुवातीला तिकडून आलेले भाग जुळवले गेले आणि वर्षागणिक एकेक भाग देशात बनू लागला. पण त्या नकाशात एक गोष्ट नसते. मे महिन्यात राजस्थानच्या वाळूत, पन्नास अंशांच्या आत-बाहेर तापलेल्या पोलादी पेटीत बसलेल्या चार माणसांच्या हाताखाली हे यंत्र कसे वागेल, ते कुठल्याच कागदावर लिहिलेले नसते. ते शोधायचे काम वापरणाऱ्याचे, आणि ते रेजिमेंट-रेजिमेंटला शिकवायचे काम नगरचे. परवान्याचा निम्मा व्यवहार अवडीत झाला, उरलेला निम्मा नगरच्या वर्गात आणि माळावर.

इंजिनाचेच पाहा. लेलँडचे एल-६० हे इंजिन कागदावर फार हुशारीचे होते. सहा उभी सिलिंडरे, आणि प्रत्येकात एकाऐवजी दोन पिस्टन, समोरासमोर. वरचा खाली येतो, खालचा वर जातो, आणि दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत इंधन पेट घेते. सिलिंडरला हेड नाही, झडपा नाहीत. वर एक क्रँकशाफ्ट, खाली दुसरा, दोन्ही दंतचक्रांनी एकमेकांशी बांधलेले. डिझेल, रॉकेल, पेट्रोल, कोणतेही इंधन चालावे म्हणून ही रचना. युरोपात नाटो देशांनी तसा आग्रह धरला होता. आपल्याला त्या सोयीची फारशी गरज नव्हती, पण तिची किंमत मात्र आपण मोजली. इंजिन उन्हाळ्यात तापायचे, गळायचे, आणि थंड करण्याची व्यवस्था धुळीने दमून जायची. विजयंतात ते ५३५ अश्वशक्तीवर चालवले गेले. ट्रॅक्टरचे किंवा उसाच्या गुऱ्हाळाचे इंजिन खोललेला आपल्या भागातला पोरगाही हे इंजिन पहिल्यांदा उघडे पाहून गोंधळून जाईल. हेडच नाही तर गॅस्केट कुठे बदलायचे, हा पहिला प्रश्न. अशा इंजिनावर खेड्यातून आलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या सवाराला तरबेज करायचे, म्हणजे शिकवणाऱ्या दफेदाराचीही कसोटी होती.

तोफेची गोष्ट वेगळी, आणि ती सांगताना जुन्या गनरचे डोळे अजून चमकतात. विजयंतात सुरुवातीला लेझरने अंतर मोजण्याची सोय नव्हती. मुख्य तोफेच्या बरोबरीने १२.७ मिलिमीटरची एक मशीनगन बसवलेली होती. गनर दुर्बिणीतून लक्ष्य धरायचा, अंतराचा अंदाज करायचा आणि मशीनगनची एक छोटी फैर झाडायचा. गोळ्या लाल रेघ ओढत जायच्या. त्या लक्ष्याच्या अलीकडे पडल्या तर नेम थोडा वर, पलीकडे गेल्या तर खाली. गोळ्या लक्ष्यावर आदळताना दिसल्या की त्याच खुणेवर मुख्य तोफेचा घोडा. तोवर लोडरने गोळा कोंबून तोफेचा मागचा भाग बंद केलेला असायचा. कमांडरचा हुकूम, लोडरची हाक आणि गनरचे बोट यांच्यात ताल जमला की काही सेकंदांत गोळा सुटायचा. ताल जमला नाही तर शत्रूचा गोळा आधी यायचा. हा ताल पुस्तकातून येत नाही. पुढे विजयंताला मार्कोनीची संगणकीय नियंत्रण यंत्रणा आणि लेझर मिळाले, मशीनगनची गरज संपली. पण चौघांचा ताल बसवण्याचे काम तसेच राहिले.

आज संस्थेत बेसिक ट्रेनिंग रेजिमेंट रंगरुटाला सैनिक बनवते, ड्रायव्हिंग अँड मेंटेनन्स रेजिमेंट गाडी चालवायला आणि राखायला शिकवते, तोफ आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळी रेजिमेंट आहे, आणि अधिकाऱ्यांसाठी स्कूल ऑफ आर्मर्ड वॉरफेअर. तुकडीच्या अधिकाऱ्याला, म्हणजे नव्याने कमिशन मिळालेल्या लेफ्टनंटला, पहिला मोठा अभ्यासक्रम इथेच करावा लागतो. त्याला सगळे वायओ कोर्स म्हणतात.

१९७१ च्या अखेरीस असाच एक वायओ कोर्स चालू होता. त्यात पुण्यात जन्मलेला, जूनमध्ये कमिशन मिळालेला अरुण खेत्रपाल होता. युद्ध पेटले, कोर्स अर्धवट राहिला आणि तो पूना हॉर्सकडे शकरगडच्या आघाडीवर गेला. १६ डिसेंबरला जर्पालजवळ पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांशी लढताना त्याला वीरमरण आले. तो फक्त एकवीस वर्षांचा होता. त्याला परमवीरचक्र मिळाले. त्याचा रणगाडा सेंच्युरियन होता, विजयंता नव्हे. विजयंताच्या रेजिमेंटाही त्या युद्धात पश्चिम सीमेवर होत्या, पण सर्वात तिखट लढाया सेंच्युरियनच्या वाट्याला आल्या. पूना हॉर्सचेच लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर १९६५ मध्ये फिल्लोराच्या लढाईत लढले आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांनाही परमवीरचक्र. तेही महाराष्ट्राचेच, मुंबईत जन्मलेले. पाकिस्तानकडच्या पॅटनमध्ये नेमाची यंत्रणा जास्त गुंतागुंतीची होती. आपल्या साध्या सेंच्युरियनने त्याला हरवले ते माणसांच्या सरावाने. नगरच्या शाळेचा अभ्यासक्रम पुढे कितीही बदलला, हा धडा बदलला नाही. खेत्रपालचा रणगाडा, ‘फामागुस्ता’, आज नगरच्या केंद्रात जपून ठेवला आहे.

विजयंता सुमारे २,२०० बनले. १९८० च्या दशकात उत्पादन थांबले तरी त्याचे अवयव वेगवेगळ्या कामांना लागत राहिले. त्याच्या सांगाड्यावर पूल टाकणारी ‘कार्तिक’ गाडी झाली, जिच्या विकासात पुण्याजवळच्या दिघीच्या संशोधन संस्थेचा वाटा होता. त्याच सांगाड्यावर रशियन १३० मिलिमीटरची तोफ बसवून ‘कॅटापल्ट’ तयार झाली. आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे रशियाकडून आलेल्या टी-५५ रणगाड्यांत मूळ रशियन तोफ काढून आपली १०५ मिलिमीटरची तोफ बसवली गेली. एका देशाच्या परवान्यावर शिकलेली विद्या दुसऱ्या देशाच्या गाडीत उतरवायची, हे काम कागदपत्रांवर विसंबून होत नाही. गाडीतला प्रत्येक बोल्ट कशासाठी आहे ते कळले असेल तरच ते जमते. पुढे ‘अर्जुन’ या देशी रणगाड्याची १२० मिलिमीटरची तोफ पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीईने केली आणि तीही नळीत आटे असलेलीच ठेवली. सेंच्युरियन आणि विजयंतावर वाढलेल्या गनरांना ‘हेश’ गोळ्यावर भरवसा होता, आणि त्या गोळ्याला आट्यांची नळीच लागते.

नगरच्या लष्करी वर्तुळात आणखी दोन संस्था आहेत. वाहननगरची व्हीआरडीई १९४७ मध्ये, फाळणीच्या वेळी, चकलालाहून इथे आली आणि आज चाकांच्या लष्करी गाड्यांचे संशोधन करते. रणगाड्यांचे संशोधन १९७० च्या दशकात अवडीच्या स्वतंत्र संस्थेकडे गेले. दुसरी, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर, १९७९ नंतर इथे उभे राहिले. त्यांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा आहे.

सरावाचे माळ मात्र वगळता येत नाही. खारेकर्जुने परिसरातली के.के. रेंज नगर, राहुरी आणि पारनेर या तालुक्यांना लागून आहे. तोफांचा आवाज वाऱ्याची दिशा अनुकूल असली की राहुरीच्या बाजूला चांगला ऐकू येतो. या रेंजसाठी शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. राहुरीत मुळा धरणासाठी दिल्या, कृषी विद्यापीठासाठी दिल्या आणि रेंजसाठीही. रेंजचे क्षेत्र वाढणार अशी चर्चा उठली की त्या गावांत आजही झोप उडते. या केंद्राचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवले पाहिजे की गनरचा प्रत्येक सराव कोणाच्या तरी वडिलोपार्जित जमिनीवर झाला आहे. त्या शेतकऱ्यांचा प्रश्न न्यायाने सुटावा असे या लेखकाला मनापासून वाटते.

१९८० च्या दशकात अवडीने दुसरा परवाना हाती घेतला. या वेळी सोव्हिएत टी-७२, ज्याला आपण ‘अजेय’ म्हणतो. नगरच्या शाळेसाठी ही उलथापालथ होती. १२५ मिलिमीटरची, आटे नसलेली तोफ, आणि गोळा भरायला यंत्र. म्हणजे चौथा माणूस, लोडर, गाडीतून उतरला. लढाईत हे सोयीचे. पण रात्री पट्टा तुटला तर तो ओढायला आता तीनच हात. तीन माणसांनीच पहारा द्यायचा, तेल भरायचे, गोळे चढवायचे आणि सकाळी पुन्हा लढायचे. यंत्राने एक माणूस वाचवला, पण उरलेल्या तिघांच्या दिवसात त्याची कामे वाटून टाकली. इंग्रजी पुस्तकांवर शिकलेल्या उस्तादांना रशियन पद्धतीच्या यंत्रणा नव्याने समजून घ्याव्या लागल्या. पुढे टी-९० ‘भीष्म’ आला. त्याची अवडीत परवान्यावर बांधलेली पहिली खेप २००९ मध्ये सैन्याच्या हाती पडली.

या सगळ्या पिढ्या एकाच आवारात उभ्या पाहायच्या असतील तर नगरच्या सोलापूर रस्त्यावर, फऱ्याबागेजवळच्या रणगाडा संग्रहालयात जावे. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्याचे उद्घाटन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांनी केले. ते स्वतः रणगाडादळाचे अधिकारी होते. व्हॅलेंटाइन, चर्चिल, माटिल्डा, जपानी रणगाडे, पकडून आणलेला पॅटन, सेंच्युरियन, आणि त्यांच्या रांगेत विजयंता. आपल्या तालुक्यातल्या शाळांच्या सहली शिर्डीहून नगरला गेल्या की मुले पॅटनच्या चिलखतावर हात फिरवून पाहतात. शिक्षकांनी त्यांना विजयंताच्या पुढ्यातही थोडा वेळ उभे करावे, ही विनंती. त्याच्या पट्ट्याची एक कडी नीट पाहिली तरी कळते की पोलादाचा ओतीव तुकडा, आरपार जाणारी पिन आणि झिजून गुळगुळीत झालेली कड यांच्यामागे किती हात राबले आहेत. ती पिन रात्री, चिखलात, हातोड्याने ठोकून बसवणारे आपल्याच तालुक्यातले काही जण या स्मरणिकेच्या वाचकांत आहेत.

अवडीचा कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीत आला. अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीही त्याच कंपनीत आहे, म्हणजे महाराष्ट्राचा एक धागा तिथेही आहे. मार्च २०२४ मध्ये मैसूरला १,५०० अश्वशक्तीच्या देशी इंजिनाची पहिली चाचणी झाली. मार्च २०२५ मध्ये अजेयसाठी १,००० अश्वशक्तीची इंजिने रशियाकडून घेण्याचा २४.८ कोटी डॉलरचा करार झाला, आणि त्यात अवडीला तंत्रज्ञान देण्याचे कलम आहे. मूळ टी-७२ चे इंजिन ७८० अश्वशक्तीचे. सव्वादोनशेच्या आसपास अश्वशक्ती एकदम वाढली की गिअरपेटीवर किती ताण येतो, थंडावा किती लागतो, तेल किती दिवसांनी बदलायचे, हे पुन्हा नव्याने शिकावे लागेल. ती इंजिने गाड्यांत बसली की त्यांचा धडा नगरच्या ड्रायव्हिंग अँड मेंटेनन्स रेजिमेंटमध्ये लागेल, आणि त्या वर्गात राहाता, श्रीरामपूर, कोपरगावचे कोणी ना कोणी असेलच.